गंजलेला गुण्या आणि उतावळा हात

सुतार, गवंडी आणि फिटर या तिन्ही कारागिरांच्या पिशवीत हमखास सापडणारे साधन म्हणजे काटकोन पाहण्याचा गुण्या होय. एखादी भिंत, चौकट किंवा फरशी काटकोनात बसली की ती ‘गुण्यात आहे’ असे म्हणण्याची जी रीत बांधकामावर रूढ आहे, तिच्यावरून या साधनाचा कामावरचा अधिकार ध्यानात येतो. साध्या गुण्याचे पाते आणि दांडा एकमेकांस कायमचे जोडलेले असतात. ज्याला कारखान्यात कॉम्बिनेशन स्क्वेअर म्हणतात आणि ज्याचा उल्लेख येथे सोयीसाठी जोडगुण्या असा केला आहे, त्या साधनात मात्र पोलादी पट्टी डोक्यातून मागेपुढे सरकते व हव्या त्या ठिकाणी आवळून पक्की करता येते, त्यामुळे तेच साधन काटकोन दाखवते, पंचेचाळीस अंशांचा कोन दाखवते, खोली मोजते आणि फळीच्या कडेला समांतर रेघही मारून देते.

पुढील विवेचनात काही शब्द वारंवार येणार असल्याने त्यांचा अर्थ आधी निश्चित करणे बरे. ‘पट्टी’ म्हणजे खुणा कोरलेले पोलादी पाते; तिच्या एका अंगाला मधोमध लांबलचक ‘खाच’ असते. ‘डोके’ म्हणजे बिडाचा किंवा पोलादाचा तो भाग, ज्याची एक बाजू पट्टीशी नव्वद व दुसरी पंचेचाळीस अंशांचा कोन करते. यांपैकी जी बाजू लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कडेला टेकवायची, तिला येथे ‘टेकबाजू’ म्हटले आहे. डोक्यात पट्टी जाण्यासाठी अरुंद ‘चीर’ असते आणि तिच्या तळाशी, दोन टोकांना, किंचित उचललेल्या दोन जागा असतात, ज्यांवर पट्टीची कड टेकते. या दोन ‘बैठका’. आवळण्याच्या बोल्टाला एक ‘जीभ’ असते, ती पट्टीच्या खाचेत अडकते आणि नट फिरवला की पट्टीला खाली ओढून बैठकांवर घट्ट बसवते. याखेरीज डोक्यात एक छोटी पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची काचनळी, आणि तळाशी खोवलेली, रेघ मारण्याची टोकदार आखणी असते. पूर्ण संचात गोल दांड्याचा मध्य शोधणारे एक आणि कोनमापकाचे एक, अशी आणखी दोन डोकी असतात.

हे साधन लारॉय स्टॅरेट या अमेरिकन माणसाचे. शेतीवाडीत वाढलेल्या या गृहस्थाने १८६५ साली मांस बारीक करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते, ही गोष्ट गमतीची वाटली तरी त्याच्या कल्पकतेचा रोख दाखवणारी आहे. जोडगुण्याचे पेटंट त्याला १८७९ साली मिळाले आणि १८८० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅथॉल या गावी त्याने कारखाना काढला. त्यानंतर अनेक देशांत, भारतातही, याच घडणीची साधने तयार होऊ लागली. घडण इतकी टिकाऊ निघाली की जुन्या आणि नव्या जोडगुण्यात फरक बहुतेक वेळा फक्त मापाच्या खुणांचा असतो: जुन्या पट्टीवर इंचाचे आठ, सोळा, बत्तीस आणि चौसष्ट भाग कोरलेले असतात, तर नव्या पट्टीवर एका कडेला तरी मिलिमीटर असतात.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात इंचाच्या खुणांची अशी जुनी हत्यारे आजही का सापडतात, याचे उत्तर येथील कापसाच्या इतिहासात आहे. कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंगचे आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने या भागात इंग्रजी अमदानीत उभे राहिले. त्यांची यंत्रे इंचाच्या मापात घडलेली होती आणि ती चालती ठेवणारा फिटर साहजिकच इंचातच विचार करी. कापूस वाहून नेणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वेसुद्धा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावे आणि मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत सेवेत होते. मापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला असला तरी लाकडाच्या अड्ड्यावर आणि सुताराच्या तोंडी ‘सूत’ हे माप, म्हणजे इंचाचा आठवा भाग किंवा सव्वातीन मिलिमीटरांहून किंचित कमी, अजून जिवंत आहे. यवतमाळ शहराचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त योत-लोहारा या जोडनावाने येतो आणि त्यातील लोहारा हे शेजारचे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते, हा योगायोग लोखंडाविषयीच्या लेखात नोंदवण्याचा मोह आवरत नाही. जिनातून निवृत्त झालेल्या फिटरच्या घरी, भंगाराच्या दुकानात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून गेलेल्या जुन्या विद्यार्थ्याच्या पेटीत असा गुण्या निपचित पडलेला असतो. त्यावर गंजाचा तांबडा थर असतो, पट्टी डोक्यात अडकून बसलेली असते, आणि तो पाहणाऱ्याच्या मनात पहिली इच्छा उठते ती त्याला चकचकीत करण्याची. या इच्छेपासूनच सावध राहावे लागते.

गुण्या हे मोजण्याचे साधन आहे आणि त्याची सारी किंमत तीन ठिकाणी साठवलेली असते: पट्टीच्या दोन सरळ कडा, डोक्याची टेकबाजू आणि चिरेतील दोन बैठका. बाकीचा पृष्ठभाग काळा, डागाळलेला किंवा खड्ड्याखड्ड्यांचा असला तरी काटकोनाला त्याची बाधा पोहोचत नाही. उलट या तीन जागांवरून घासण्याचा कागद बोटभर जास्त फिरला, तर आरशासारखा चमकणारा गुण्याही कामातून जातो. गंज पोलाद खातो हे खरे, पण तो सावकाश खातो. घासणारा हात एका संध्याकाळी जेवढे पोलाद नेतो तेवढे न्यायला गंजाला कित्येक पावसाळे लागतात.

प्रस्तुत लेखकाने हे ज्ञान एक चांगला गुण्या वाया घालवून मिळवले. नात्यातील एका जिन-फिटरकडून आलेला बारा इंची जोडगुण्या त्याने ऐन पावसाळ्यात दुरुस्तीस घेतला आणि पहिल्याच रात्री, पट्टी सुटत नाही म्हणून, तो जसाच्या तसा, पाणसळीसह, शौचालय साफ करण्याच्या आम्लात बुडवून ठेवला. अशा द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंजाबरोबर खालचे पोलादही विरघळवते आणि उघड्या भांड्यातून त्याची वाफ खोलीभर पसरते. सकाळी पट्टी सुटली होती, परंतु तिच्या चौसष्टाव्या भागाच्या बारीक रेघा अर्ध्या पुसल्या होत्या, पाणसळीची काचनळी तिला धरून ठेवणारा प्लास्टर विरघळल्याने भोकात खुळखुळत होती, आणि भांड्यापासून चार हात दूर, बंद न केलेल्या कपाटात ठेवलेल्या पटाश्यांवर व रंध्याच्या पात्यावर ताज्या गंजाची तांबूस बुरशी चढली होती. गुण्याने भोगले ते ठीक, पण पटाश्यांचा यात काहीच अपराध नव्हता.

दुसऱ्या दिवशीची चूक पहिलीहून मोठी होती. पट्टीवरचा करडा रंग जावा म्हणून ती घासपट्ट्याच्या यंत्रावर धरली गेली. एका टोकाशी ती क्षणभर थांबली आणि त्या कोपऱ्यावर निळी झाक उमटली. पोलाद तापत जाते तसे त्यावर आधी गवती पिवळा आणि सुमारे तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास निळा रंग येतो. निळा रंग दिसला याचा अर्थ त्या जागेचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले. टेकबाजू हातात धरलेल्या एमरी कागदाने घासली गेली. मऊ आधारावरचा कागद मधल्यापेक्षा टोकांना नेहमी जास्त खातो, त्यामुळे सपाट असलेली बाजू पोटाशी किंचित फुगीर झाली. शेवटी, विदर्भात घरोघर सहज मिळणारे म्हणून, चिरेत जवसाचे तेल सोडले गेले. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन सुकते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. रंगात आणि लाकडाला लावायच्या वार्निशात ते याच गुणासाठी वापरतात, आणि सरकत्या पोलादाला ते याच गुणामुळे वर्ज्य आहे.

या सर्वाचा हिशेब एका सागवानी दाराच्या चौकटीने मागितला. सात फुटी उभ्या खांबावर जोडाच्या रेघा त्या गुण्याने आखल्या गेल्या, सांधे कापले गेले आणि चौकट जुळवून कर्ण मोजले तेव्हा ते जुळेनात. नंतर तपासले असता गुण्या ३०० मिलिमीटरला १ मिलिमीटर मिटलेला, म्हणजे नव्वद अंशांपेक्षा तेवढा कमी, निघाला. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण सात फुटांच्या लांबीवर तो ७ मिलिमीटर, म्हणजे दोन सुतांहून जास्त, होतो. सागवानाचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या दोन सुतांची किंमत वेगळी सांगायला नको.

तेव्हा असा गुण्या हाती आल्यास सफाईच्या आधी त्याची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा उलटवून पाहण्याची आहे आणि तिला दुसरा कोणताही खरा गुण्या लागत नाही. कारखान्यात कापलेली एक सरळ कड असलेला गुळगुळीत फळा घ्यावा. ती कड खरोखर सरळ आहे का हे तशाच दुसऱ्या फळ्याची कड तिला भिडवून, मधून उजेड दिसतो का ते बघून, आधी ठरवावे. टेकबाजू कडेला घट्ट लावून पट्टीच्या कडेने धारदार चाकूने किंवा आखणीने रेघ मारावी; पेन्सिलीची रेघ स्वतःच पाव-अर्धा मिलिमीटर जाड असल्याने येथे कामाची नाही. मग गुण्या पुस्तकाचे पान उलटावे तसा उलटवून, पट्टीची तीच कड रेघेच्या मुळाशी आणून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या वर जाताना फाकल्या किंवा एकमेकींना छेदून गेल्या, तर टोकाशी जे अंतर दिसते ते चुकीच्या दुप्पट असते: ३०० मिलिमीटरवर अर्धा मिलिमीटर अंतर असेल तर प्रत्यक्ष चूक पाव मिलिमीटरची, म्हणजे कोनाच्या भाषेत जेमतेम तीन मिनिटांची. सुतारकामाला एवढी चूक चालून जाते. फिटरच्या बारीक कामाला ती चालत नाही, पण तसे काम करणारा फिटर मुळात जोडगुण्यावर विसंबतही नाही; तो त्यासाठी अखंड पोलादी गुण्या वेगळा बाळगतो.

ही परीक्षा सफाईच्या आधी घेण्यात एक हेतू आहे. आधी खरा असलेला गुण्या नंतर खोटा झाला, तर दोष सफाईत आहे हे कळते. प्रस्तुत लेखकाने परीक्षा चौकट बिघडल्यावर घेतली, म्हणून मूळ गुण्या कसा होता हे कधीच ठरवता आले नाही.

पट्टी डोक्यात अडकलेली असल्यास हातोडीला लांब ठेवावे. नट पूर्ण काढू नये, दोन आटे सैल करावा आणि त्याच्या टोकावर लाकडी मोगरीची हलकी टिचकी द्यावी, म्हणजे बोल्ट आत सरकून जीभ खाचेतून सुटते. तत्पूर्वी बोल्टाच्या भोकात आणि चिरेच्या दोन्ही तोंडांना रॉकेल किंवा डिझेल यांत थोडे यंत्राचे तेल मिसळून सोडावे आणि डोके एक-दोन दिवस तसेच ठेवावे. बोल्ट बाहेर काढताना खाली पांढरे फडके अंथरावे, कारण नटाखाली एक इवलीशी स्प्रिंग असते, ती उडते आणि कोबा घातलेल्या जमिनीवर ती पुन्हा सापडत नाही. हरवलीच तर बॉलपेनातली स्प्रिंग हव्या त्या लांबीची कापून चालते. नट हरवला तर मात्र हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला मिलिमीटरचा नट जबरीने चढवू नये. जुन्या बोल्टाचे आटे इंचाच्या हिशेबाचे असतात, नवा नट दोन फेरे जातो, मग अडतो आणि दोघांचेही आटे खातो. लेथवाल्याकडे जुना बोल्ट नमुन्यादाखल नेऊन नट करून घेणे हाच त्यातला स्वस्त मार्ग ठरतो. जिभेची धार झिजून गोल झाली असेल आणि पट्टी कितीही आवळली तरी सरकत असेल, तर बोल्टही त्याच वेळी करून घ्यावा.

पाणसळ आणि आखणी सर्वांत आधी बाजूला काढाव्यात. काचनळी निघत नसेल, तर संपूर्ण डोके कोणत्याही द्रावणात बुडवू नये. ते रॉकेलच्या बोळ्याने आणि पितळी ब्रशानेच साफ करावे. डोके उन्हात वाळत घालण्याचा मोहही टाळावा, कारण नळीतील द्रव उष्णतेने प्रसरण पावतो, म्हणून तर मे महिन्यात बुडबुडा आखूड दिसतो, आणि जुनी नळी त्या ताणाने तडकू शकते.

सुट्या पट्टीवरचा गंज काढायला किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवावे, प्लॅस्टिकच्या उथळ ताटलीत पट्टी पूर्ण बुडेल असे ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशाने घासून पाहावे. हे आम्ल सौम्य असून लोहाचे कण धरून ठेवण्याचा गुण त्यात आहे, म्हणून ते गंज सोडवते. तरीही वेळ संपला की तेही पोलादाला लागते, आणि रात्रभर विसरलेली पट्टी सकाळी मंद करड्या रंगाची व स्पर्शाला खरखरीत मिळते. बहुतेक पट्ट्यांना दोन ते चार तास पुरतात. पट्टीला क्रोमचा मुलामा असून तो फोडासारखा उचलला गेला असेल, तर तिला बुडवूच नये, कारण आम्ल मुलाम्याच्या खाली शिरते आणि उरलेला भागही सोलवटत नेते. बाहेर काढल्यावर पट्टी पाण्याने धुवावी, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढावी, लगेच पुसावी, आणि पुसली की तेल. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडे पोलाद चहा उकळेपर्यंतही कोरडे राहत नाही; पाहता पाहता त्यावर नारिंगी झाक येते. यामुळे हे काम यवतमाळात होळीनंतर, उन्हाची काहिली सुरू झाल्यावर, हाती घेणे श्रेयस्कर आहे.

खुणांवरचा उरलेला काळा थर दाढीच्या पात्याने काढावा. पाते जवळजवळ आडवे धरून, तेलाच्या थेंबावरून, पट्टीच्या लांबीच्या दिशेने ओढले की गंजाची पापडी निघते आणि खोल कोरलेल्या रेघेला ते पोहोचत नाही. नंतर हवाच असेल तर ६०० क्रमांकाचा पाण्याचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फक्त रुंद पृष्ठभागावर, तेलासह, चार-सहा वेळा फिरवावा. पट्टीच्या कडांना कागद लावू नये. कडेवर कंगोरा उठला असेल, म्हणजे पडल्यामुळे किंवा आपटल्यामुळे धातूची बारीक धार वर आली असेल, तर बारीक तेलदगड त्या जागी सपाट टेकवून कंगोरा तेवढा उतरवावा. रेघा फिक्या दिसत असल्यास काळा एनॅमल रंग बोटाने चोळून भरावा आणि किंचित वाळल्यावर पुठ्ठ्याच्या कडेने वरचा रंग ओढून घ्यावा. रेघेत उरलेला रंग पुढे अनेक वर्षे टिकतो. म्हाताऱ्या डोळ्यांना चौसष्टाव्या भागाच्या रेघा तरीही दिसणार नाहीत, तो दोष पट्टीचा नव्हे.

बैठका स्वच्छ करणे हे खरे दुरुस्तीचे काम आहे आणि बहुतेक लोक तेच टाळतात, कारण चिरेत डोळा जात नाही. समजा, दोन बैठकांमधील अंतर ६० मिलिमीटर आहे आणि आतल्या, म्हणजे टेकबाजूपासून दूरच्या, बैठकीवर साध्या कागदाच्या जाडीचा, ०.१ मिलिमीटरचा, मळाचा थर बसला आहे. एवढ्याने पट्टीचे ३०० मिलिमीटरवरचे टोक अर्धा मिलिमीटर खाली झुकते आणि कोन तेवढा मिटतो. वर सांगितलेल्या चौकटीच्या वेळी नेमके हेच घडले होते: बांबूच्या कामटीला टोक काढून चीर खरवडली तेव्हा गंजाची पूड आणि जवसाच्या तेलाचा मधासारखा पिवळट, नखाने ओरखडा निघेल असा पापुद्रा बाहेर आला, आणि पुन्हा परीक्षा घेतली तर चूक निम्म्यावर आली होती. उरलेली निम्मी फुगीर केलेल्या टेकबाजूची होती आणि ती आजतागायत तशीच आहे.

चीर साफ केल्यावर पट्टी दोन्ही बैठकांवर बसते का, हे कागदाने कळते. एकाच कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या कापून प्रत्येक बैठकीवर एकेक ठेवावी, वर पोलादी पट्टी बसवून नट आवळावा आणि दोन्ही कागद हळूच ओढून पाहावेत. दोन्ही सारख्याच घट्ट धरलेले असले पाहिजेत. एक सुटून आला, तर त्या बैठकीवर पट्टी टेकलेली नाही किंवा दुसरीवर अजून काही अडले आहे.

एवढे करूनही कोन खरा नसेल, आणि फक्त तेव्हाच, कानशीचा विचार करावा. नियम असा की कोन उघडा, म्हणजे नव्वदपेक्षा जास्त असेल तर टेकबाजूजवळची बैठक उतरवायची, आणि कोन मिटलेला असेल तर दूरची. पहिल्या प्रकारात पट्टी टेकबाजूच्या दिशेने झुकते, दुसऱ्यात तिच्यापासून दूर उठते. कानस हाती घेण्यापूर्वी पट्टी चिरेत ठेवून बोटाने एकदा हे पाहून घ्यावे, कारण उलट्या बैठकीवर मारलेला हात परत घेता येत नाही. किती उतरवायचे याचा हिशेब वरच्याच प्रमाणाने होतो: ३०० मिलिमीटरवर पाव मिलिमीटर चूक असेल तर ६० मिलिमीटर अंतराच्या बैठकीवरून केवळ ०.०५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या बारीक केसाइतके, जायला हवे. कानशीने ते दोन-तीन फटक्यांत जाते, म्हणून कानशीऐवजी चिरेच्या रुंदीहून किंचित पातळ अशा पितळी पट्टीच्या कडेला बारीक पॉलिश पेपर चिकटवून घ्यावा. बैठकीवर शाईच्या मार्करने रंग द्यावा, चार वेळा घासावे, शाई कुठून गेली ते टॉर्चच्या उजेडात पाहावे, पुसावे, पट्टी आवळावी, फळ्यावर दोन रेघा माराव्यात, आणि मग पुन्हा चार वेळा. या कामाला संध्याकाळ लागते. घाई असेल त्याने ते रविवारवर टाकावे. डोके कठीण केलेल्या पोलादाचे असेल तर कानस त्यावरून नुसती घसरेल, तेथे तेलदगडाची पातळ चिप किंवा हिऱ्याची पट्टीच चालते.

काही कारागीर उलट युक्ती करतात: बैठकीशेजारी सेंटर पंचाने हलका ठोका मारून धातूची कड वर उचलतात आणि बैठक उंच करतात. युक्ती तात्पुरती चालते, पण उचललेली कड सुईच्या टोकासारखी असल्याने ती लवकर झिजते आणि सहा महिन्यांनी गुण्या पुन्हा पहिल्या जागी येतो. बिडाच्या डोक्यावर हा प्रयोग करूच नये. बीड ठिसूळ असते, ते उचलले जाण्याऐवजी तुटते.

टेकबाजूला जाड काचेवर चिकटवलेला ८०० क्रमांकाचा पॉलिश पेपर एवढीच मुभा आहे, तीही कंगोरे जाण्यापुरती. दोन-तीन ओढी झाल्या की कुठे चमक आली आणि कुठे काळे राहिले ते पाहून थांबावे. काळे राहिलेले खोल डाग हे खड्डे आहेत आणि खड्डा कोनाला काहीच करत नाही. पाणसळ परत बसवताना पातळ कालवलेले प्लास्टर ऑफ पॅरिस पुरते. ती खरी बसली का, हेही उलटवूनच कळते: सपाट जागेवर बुडबुडा कोठे थांबतो ते पाहायचे, साधन जागच्या जागी अर्धे फिरवायचे आणि बुडबुडा खोलीच्या त्याच बाजूला, तेवढाच थांबतो का ते बघायचे. तसेही या इवल्या पाणसळीवर कोणी कोबा घालत नाही.

राखण्याच्या बाबतीत दोन स्थानिक सवयी मोडाव्या लागतील. पहिली कापसाची. यवतमाळात कापूस आणि सुती चिंध्या कधी कमी पडत नाहीत, म्हणून हत्यार तेल पुसून सुती कापडात गुंडाळून ठेवण्याची येथे पद्धत आहे. परंतु कापूस हवेतील ओलावा धरतो, त्याच्या व्यापारात वजनाच्या ८.५ टक्के ओलावा प्रमाण म्हणून गृहीत धरला जातो, आणि पावसाळ्यात तो याहून जास्त असतो. अशा कापडात गुंडाळलेला कोरडा गुण्या चार महिने ओल्या फडक्यात ठेवल्यासारखाच आहे. कापड तेलात भिजवून पिळलेले असावे, नाहीतर मेणकागद वापरावा. तेल शिलाई मशीनचे, म्हणजे खनिज. खोबरेल हिवाळ्यात थिजते, शेंगदाण्याचे चिकटते आणि जवसाचे काय होते ते वर आलेच आहे.

दुसरी सवय खांडेनवमीची आहे आणि तिच्याविषयी लिहिताना लेखणी थोडी जपून चालवावी लागते. नवमीला हत्यारे मांडून त्यांवर पाण्यात कालवलेले हळदकुंकू वाहण्याची रीत जुनी आहे, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून ते ओले बोट तसेच राहते, पुढेही कित्येक दिवस कोणी पुसत नाही. जुन्या गुण्याच्या डोक्यावर, अगदी टेकबाजूच्या मधोमध, अंगठ्याएवढा गोल खड्डेदार डाग दिसला तर तो बहुधा वर्षानुवर्षांच्या पूजेचा असतो. पूजा सोडावी असे कोणी म्हणणार नाही. कुंकू आखणीच्या टोपणावर किंवा नटावर लावावे, कोरडे लावावे, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोने लुटून घरी आल्यावर तेलाचे फडके एकदा फिरवावे.

बाभळीचे किंवा कोणतेही ओले लाकूड आखल्यावर पट्टीवर निळसर काळे डाग उमटतात, ते लाकडातील तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून होणाऱ्या शाईचे असतात. ते गंजासारखे खोल जात नाहीत आणि त्याच दिवशी पुसले तर निघतात. घामाचे तसे नाही. ज्याच्या हाताला घाम जास्त सुटतो त्याच्या बोटांचे ठसे आठवड्याभरात पट्टीवर कायमचे उमटतात, आणि उन्हाळ्यात विदर्भात तसे हात सर्वांचेच असतात.

ज्याची टेकबाजू फुगीर झाली आहे किंवा ज्याच्या बैठका खोल झिजल्या आहेत, असा गुण्या घरी खरा होत नाही. ते काम सरफेस ग्राइंडर, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासणारे यंत्र, असलेल्या कारखान्याचे आहे आणि त्याची मजुरी बहुतेकदा नव्या साध्या गुण्याइतकी पडते. दुसऱ्या गुण्याची पट्टी आणून बसवण्यापूर्वी तिची जाडी, रुंदी आणि खाचेची रुंदी तिन्ही मापावीत, कारण बारा इंची पट्ट्या सर्रास एक इंच रुंद असल्या तरी खाचा सारख्या नसतात आणि जीभ सैल बसली की सगळे मुसळ केरात. खोट्या गुण्यातूनही खोली मोजता येते, समांतर रेघ मारता येते, पट्टी सुटी काढून सरळपणा पाहायला वापरता येते. तेवढ्यासाठी तो ठेवावा, फक्त पुढच्या माणसाला फसवू नये म्हणून डोक्याच्या मागच्या अंगाला रंगाने चूक लिहून ठेवावी. वर वर्णिलेल्या गुण्यावर पांढऱ्या एनॅमलने ‘३०० ला अर्धा मि.मी. मिटलेला’ असे लिहिले आहे, आणि त्याच्या पट्टीचा निळा पडलेला कोपरा दीड इंचावर करवतीने कापून टाकला आहे, त्यामुळे आता तिची मापे एका टोकाकडूनच वाचावी लागतात.